तळघर, पाणी आणि न्यायाधीश फ्रेंच

१८५९ साली न्यू यॉर्कमध्ये ‘फार्म ड्रेनेज’ नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. फार्म ड्रेनेज म्हणजे शेतजमिनीतल्या पाण्याचा निचरा. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे उपशीर्षक लांबलचक होते. दगड, लाकूड, नांगर, उघडे चर आणि विशेषतः भाजक्या मातीच्या नळ्या वापरून जमिनीचा निचरा करण्याची तत्त्वे, पद्धती आणि परिणाम, एवढा मजकूर शीर्षकपानावरच मावला होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनमध्ये डार्विनचा ग्रंथ आला आणि १८५९ हे साल जगाच्या लक्षात राहिले ते त्या ग्रंथामुळे. निचऱ्याच्या पुस्तकाला कोण विचारतो? पण आज घराच्या पायाभोवती, तळाशी भोकांची नळी घालून आणि वर खडी भरून जो चर खणतात, त्याला बांधकामवाले जगभर ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात, आणि ते नाव या पुस्तकाच्या लेखकावरून पडले असे मानले जाते.

लेखकाचे नाव हेन्री फ्लॅग फ्रेंच. त्याचा फ्रान्सशी काहीही संबंध नव्हता. ही पद्धत फ्रान्सहून आली असे ठामपणे सांगणारे ठेकेदार मला पुण्यात भेटले आहेत; अमेरिकेतही पुष्कळांची तीच समजूत आहे. खरे तर पद्धत फ्रान्सची नाही आणि या फ्रेंचचीही नाही. दगड भरून बुजवलेले चर रोमन लोकांना चांगले ठाऊक होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटोने शेतीवर लिहिताना असल्या चरांची मापे दिली आहेत; दगड मिळाले नाहीत तर तळाशी विलोच्या हिरव्या फांद्या घालाव्यात असेही सांगून ठेवले आहे. पुढे पहिल्या शतकात कोलुमेलाने अर्धा चर बारीक दगडांनी किंवा स्वच्छ खडीने भरून वर माती लोटायला सांगितले. फ्रेंचने शोध लावल्याचा दावा कुठे केलेला नाही. त्याने जमवले, तपासले, आणि एक गोष्ट केली जिचे महत्त्व मला फार वाटते: शेताचे ज्ञान त्याने घराच्या पायापाशी आणले. शेतीच्या त्या पुस्तकात एक सबंध प्रकरण तळघरांवर आहे.

मी अभियंता नाही. जुनी तांत्रिक पुस्तके वाचण्याचा नाद आहे, एवढेच. त्या नादात हे प्रकरण हाती लागले, आणि त्यातला प्रश्न आपल्याकडे आज किती ताजा आहे हे जाणवल्यावर त्याचा मागोवा घेत गेलो.

फ्रेंचचा जन्म १८१३ सालचा, न्यू हॅम्पशर राज्यातल्या चेस्टर गावचा. एक्सेटर गावी त्याची वकिली चालली, पुढे १८५५ ते १८५९ तो न्यायाधीश होता. मन मात्र शेतीत. शेतीविषयक नियतकालिकांत तो नेमाने लिहीत असे. १८५७ साली तो युरोपात गेला आणि इंग्लंडमधल्या निचऱ्याच्या कामांवर त्याची नजर खिळली. बाकीचे प्रवासी चर्च आणि राजवाडे पाहत होते तेव्हा हा गृहस्थ चरात डोकावत होता.

आता तळघरच का, हे आधी समजून घेतले पाहिजे. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात जमीन तीन-चार फुटांपर्यंत गोठते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. ओल्या मातीवर उथळ पाया घातला तर माती फुगून घर उचलते, वसंतात बर्फ वितळला की पुन्हा खाली सोडते, आणि दोनचार वर्षांत भिंती तडकतात. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. एवढे खणायचेच आहे, तर आणखी थोडे खणून खाली एक खोली का मिळवू नये? ती खोली हिवाळ्यात गोठत नाही आणि उन्हाळ्यात तापत नाही. बटाटे, सफरचंदे, गाजरे, सायडरची पिंपे, खारवलेले मांस असे कुटुंबाचे वर्षाचे पोट त्या तळघरात असे. आपल्याकडच्या कोठीच्या खोलीचा मान तिथे तळघराला होता. फ्रेंचने आपल्या प्रकरणात न्यू इंग्लंडमधले तळघराचे महत्त्व सांगताना, घराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माळ्याशी त्याची मिस्कील तुलनाही केली आहे.

मात्र असले तळघर वसंत ऋतूत भरे. बर्फ वितळे, जमीन वरपर्यंत पाण्याने तुडुंब होई आणि एखाद्या सकाळी बटाट्यांच्या पाट्या पाण्यावर तरंगताना दिसत. फ्रेंचने अशा बुडालेल्या तळघराचे चित्र रंगवले आहे.

पाणी येते कसे, हे नीट कळले की पुढचे सगळे सोपे होते. पायासाठी खड्डा खणताना तो भिंतीपेक्षा रुंदच खणावा लागतो. भिंत उभी राहिली की उरलेल्या फटीत माती लोटतात. ही लोटलेली माती आजूबाजूच्या मूळ जमिनीइतकी कधीच घट्ट बसत नाही. मूळ जमीन चिकणमातीची असेल तर घर अक्षरशः एका वाडग्यात बसते: वाडग्याला छिद्र नाही, आणि घराभोवतीची कड भुसभुशीत. छपरावरचे पाणी त्या कडेत पडते. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे ९,३०० लिटर पाणी होते, म्हणजे जवळजवळ एक टँकर. तो टँकर आपण दर मोठ्या पावसात आपल्याच पायात रिकामा करतो आणि मग भिंतीला ओल का आली म्हणून डोके खाजवतो.

भिंतीबाहेर साचलेल्या पाण्याला वजन असते. एक मीटर उंचीचे पाणी तळाशी दर चौरस मीटरला एक टन दाब देते. हा दाब भिंतीवर आडवा पडतो, आणि पुष्कळांच्या लक्षात येत नाही असे म्हणजे, जमिनीवर खालून वर पडतो. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळघराभोवती जमिनीच्या पातळीपर्यंत पाणी चढले, तर तळाची फरशी तीनशे टनांच्या जोराने वर ढकलली जाते. तिथे वरून चोपडलेल्या गिलाव्याचा काय पाड लागणार? सिमेंट लावून भागणार नाही, हे फ्रेंचने १८५९ साली स्वच्छ सांगितले आहे. प्रकरणाच्या सुरुवातीला मुद्द्यांची जी यादी दिली आहे, तिच्यातच ते येते. पाण्याला अडवू नका, त्याला भिंतीपर्यंत येण्याआधी दुसरी सोपी वाट द्या, एवढाच त्याचा न्याय.

हे ज्ञान त्याला मिळाले ते शेतकऱ्यांकडून. वॉरिकशरमध्ये जोसेफ एल्किंग्टन नावाचा शेतकरी होता. १७६४च्या सुमारास त्याच्या पाणथळ शेतात मेंढ्या रोगाने मरत होत्या. त्याने चर खणला, पण तो जमिनीतल्या पाण्याच्या थरापर्यंत पोचला नाही. तेवढ्यात कुंपणाच्या कामासाठी लोखंडी पहार घेऊन एक गडी तिथून चालला होता. एल्किंग्टनने पहार घेतली, चराच्या तळात चार फूट खाली ठोकली, आणि उपसताच तिच्या भोकातून पाणी उसळून वर आले. दुखणे पृष्ठभागावर नव्हते, खालून दाबाने वर येणाऱ्या झऱ्याचे होते. त्यानंतर त्याने अनेक शेते अशीच कोरडी केली. १७९५ साली ब्रिटिश पार्लमेंटने त्याला हजार पौंडांचे बक्षीस दिले. त्याला आपली विद्या लिहिता येत नव्हती, आणि ती त्याच्याबरोबर जाईल या भीतीने शेतकी मंडळाने जॉन जॉनस्टन नावाच्या मोजणीदाराला त्याच्याबरोबर शेतोशेत फिरवून १७९७ साली त्याच्याकडून पुस्तक लिहवून घेतले. सरकारी पैशाने एका गावकऱ्याच्या डोक्यातले ज्ञान कागदावर उतरवण्याचे असे उदाहरण त्या काळात दुर्मीळ. आपल्याकडचे पाणाडी, विहीर बांधणारे गवंडी, पाटकरी यांच्यामागे असा कोणी हिंडल्याचे मला तरी सापडलेले नाही.

एल्किंग्टननंतर स्कॉटलंडमधल्या डीनस्टनच्या जेम्स स्मिथने १८३१ साली वेगळी दिशा दाखवली. झरा शोधत बसू नका, सबंध शेतात ठरावीक अंतराने समांतर चर घाला. मग भाजक्या मातीच्या नळ्या आल्या, १८४०च्या दशकात त्या घडवणारी यंत्रे आली. इंग्लंडमध्ये विटा-कौलांवर कर होता, तो १८२६पासून निचऱ्याच्या नळ्यांना माफ झाला. अट इतकीच की नळीवर ‘ड्रेन’ असा शिक्का हवा. आजही तिथल्या शेतात नांगराला शिक्क्याचे तुकडे लागतात.

अमेरिकेत ही विद्या आणली ती जॉन जॉन्स्टन या स्कॉटिश शेतकऱ्याने. (वरच्या जॉनस्टनचा हा कोणी नव्हे.) न्यू यॉर्क राज्यात जिनीव्हा गावाजवळ त्याचे शेत होते. १८३५ साली त्याने स्कॉटलंडहून नमुन्याच्या नळ्या मागवल्या आणि १८३८ साली जवळच्या एका कुंभाराकडून तशा हाताने बनवून घेतल्या. शेजारी हसत. जॉन्स्टन शेतात मातीची भांडी पुरतो, असे म्हणत. त्याचा गहू दुप्पट येऊ लागल्यावर हसणे थांबले. अखेरीस त्याच्या ३२० एकरांत सुमारे ७२ मैल नळ्या पुरल्या गेल्या.

नळीत पाणी शिरते कुठून, हा प्रश्न नवख्याला हमखास पडतो. भाजक्या मातीच्या नळ्या फूटभर लांबीच्या असत आणि टोकाला टोक लावून नुसत्या मांडलेल्या असत. पाणी शिरे ते दोन नळ्यांमधल्या केसाएवढ्या फटीतून, आणि बहुतांशी खालून. जमिनीतले पाणी वरून धारेसारखे नळीत पडत नाही. भूजलाची पातळी खालून चढत येते, नळीच्या तळाला टेकते आणि नळीत मोकळी हवा असल्यामुळे दाब नसलेल्या त्या जागेकडे वळते. आजच्या प्लास्टिकच्या नळीची भोके खाली करून ठेवतात ती याचसाठी. मी पाहिलेल्या दहा कामांपैकी निम्म्यांत ती वर केलेली होती.

तर हे सगळे ज्ञान न्यायाधीशमहाशयांनी तळघरापाशी आणले. त्यांची रीत अशी: तळघराच्या भिंतीलगत चर खणायचा, तो तळघराच्या जमिनीपेक्षा खोल असला पाहिजे. त्यात नळ्या मांडायच्या, सर्व नळ्यांना एकाच बाजूला उतार द्यायचा आणि ते पाणी घरापासून दूर, सखल जागी उघड्यावर सोडायचे. भिंतीच्या बाहेरून चर आणि आतून चर असे दोन्ही प्रकार त्याने आकृती देऊन समजावले आहेत, आणि अत्यंत वाईट अवस्थेतले एक तळघर प्रत्यक्षात कसे कोरडे केले त्याची हकीकत दिली आहे. गोठ्याखालची तळघरेही त्याच्या यादीत आहेत. वाचताना जाणवते की हा माणूस निकालपत्र लिहितो आहे: फिर्याद काय, पुरावा काय, आणि शेवटी पाण्याने कुठून जावे याचा हुकूम.

गंमत म्हणजे त्याच्या तीनच वर्षे आधी, १८५६ साली, खऱ्याखुऱ्या फ्रान्समध्ये आँरी दार्सी नावाच्या अभियंत्याने दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्याच्या एका परिशिष्टात वाळूतून पाणी किती वेगाने वाहते याचा नियम मांडला. वाळूच्या थराच्या दोन टोकांच्या दाबांत जितका फरक जास्त, आणि मधला थर जितका कमी जाड, तितके पाणी जास्त वाहते. पायाभोवती खडी का भरायची आणि चिकणमाती का नाही, याचे गणिती उत्तर त्या नियमात आहे. खडीतून पाणी चिकणमातीपेक्षा हजारोपट, लाखोपट वेगाने जाते. दार्सी फ्रेंच होता आणि फ्रेंच अमेरिकन. नावांनी केलेला हा घोळ इतिहासात कायम राहिला.

*

ओल्या तळघराकडे लोकांनी गंभीरपणे पाहायला सुरुवात केली ती मात्र बटाट्यांसाठी नव्हे, क्षयासाठी. १८६२ साली बोस्टनचे डॉक्टर हेन्री बाउडिच यांनी न्यू इंग्लंडमधल्या क्षयावर निबंध प्रसिद्ध केला. गावोगावच्या डॉक्टरांना प्रश्नावली पाठवून त्यांनी उत्तरे गोळा केली होती. ओलसर जमिनीवरच्या घरांत क्षय जास्त, हा त्यांचा निष्कर्ष. पाठोपाठ इंग्लंडमध्ये जॉर्ज बुकॅनन यांनी दाखवले की काही शहरांत गटारे घातल्यावर जमीन कोरडी झाली आणि क्षयाचे मृत्यू घटले. सॉल्झबरीत तर जवळजवळ निम्म्यावर आले. म्युनिकमध्ये माक्स फॉन पेटनकोफर पटकी आणि विषमज्वराचा संबंध भूजलाच्या चढउताराशी लावत होते. त्यांच्या मताचा हिंदुस्थानातल्या इंग्रज आरोग्य अधिकाऱ्यांवर मोठा पगडा बसला. पटकीच्या अभ्यासासाठी १८६०च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला पाठवलेले लुईस आणि कनिंगहॅम हे दोन तरुण डॉक्टर आधी म्युनिकला जाऊन पेटनकोफर यांना भेटून आले होते.

अमेरिकेत जॉर्ज वॉरिंगने १८६७ साली पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच निचरा नफ्यासाठी आणि निचरा आरोग्यासाठी अशी जोडी होती. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या जमिनीत निचऱ्याच्या नळ्या घालणारा अभियंता हाच.

मग १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला, त्यानंतर पटकीचा, आणि जमिनीच्या ओलीचा सिद्धान्त कोसळला. ओल क्षय निर्माण करत नाही. पण म्हणून त्या माणसांचे श्रम वाया गेले असे मी म्हणणार नाही. चुकीच्या कारणासाठी त्यांनी लाखो घरे कोरडी केली. ओलीत बुरशी वाढते, दमा बळावतो, हे आजचे वैद्यकही मानते. आणि ज्यांच्या वाट्याला ओल्या खोल्या आल्या होत्या त्यांना सिद्धान्ताशी कर्तव्य नव्हते.

विसाव्या शतकात या चराच्या रचनेत मोठी भर घातली ती कार्ल टेर्झागी याने. जुन्या चरांचा शत्रू गाळ. खडीच्या पोकळीत बारीक माती शिरते आणि काही वर्षांत चर बुजतो. मग मालकाला वाटते आपल्याकडे चर आहे, आणि प्रत्यक्षात तिथे नुसती पुरलेली खडी असते. टेर्झागीने १९२०च्या दशकात नियम घालून दिला: बाहेरच्या मातीच्या कणांच्या मापावरून खडीचे माप ठरवा, म्हणजे पाणी शिरेल आणि कण अडतील. पुढे न विणलेले कृत्रिम कापड आले आणि हे काम त्याने हलके केले. ज्याला बाहेर सोडायला सखल जागाच नाही त्याच्यासाठी तळघराच्या कोपऱ्यात खड्डा आणि त्यात विजेचा पंप आला. पंप ही सोय आहे आणि गोमही, कारण ज्या रात्री पाऊस कोसळतो त्याच रात्री वीज जाते.

याच काळात तळघराचा उपयोग बदलला. बटाटे गेले, माणसे आली. कोळशाच्या भट्टीची जागा सुटसुटीत बंबाने घेतली, जागा मोकळी झाली, तिथे गालिचा आणि दूरदर्शन संच आला. न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी माणसांच्या घरी गणपतीची आरती आणि दिवाळीचा फराळ बहुधा बेसमेंटमध्येच होतो, कारण पन्नास माणसे बसतील अशी दुसरी जागा घरात नसते. मोठ्या शहरांत ज्यांना वरची घरे परवडत नव्हती ती माणसे तळघरात राहू लागली. १ सप्टेंबर २०२१च्या रात्री आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने न्यू यॉर्कला गाठले. सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ८० मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री शहरात अकरा माणसे तळघरांतल्या राहत्या खोल्यांत बुडून गेली.

इथे एक फरक नीट सांगायला हवा, कारण तो गोंधळून टाकणारे खूप आहेत. फ्रेंचचा चर जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यासाठी आहे. रस्त्यावरून लोंढ्याने उताराच्या वाटेने तळघरात घुसणाऱ्या पाण्यापुढे तो निरुपयोगी. २७ जुलै २०२४ला दिल्लीच्या जुन्या राजिंदर नगरमध्ये एका शिकवणी वर्गाच्या तळघरातल्या अभ्यासिकेत शिरलेल्या पाण्याने स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या तिघांचा जीव घेतला, ते पाणी रस्त्यावरचे होते. तळघराची परवानगी सामान ठेवण्यासाठी होती, बसले होते विद्यार्थी. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांतली मुले त्या वस्तीत राहून अभ्यास करतात. त्या रात्री नागपूरपासून लातूरपर्यंत किती आयांनी फोन लावले असतील. लोंढ्याविरुद्धचा उपाय वेगळा: उताराच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच उंबरठा, बाहेर पडायला दुसरा जिना, आणि माणसांना तिथे न बसवणे.

*

आपल्या जुन्या घरांनी हा प्रश्न फार वेगळ्या रीतीने सोडवला होता. आपल्याकडे जमीन गोठत नाही, तेव्हा खाली जाण्याची सक्ती नाही. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाणी पडते. तिथे घर वर उचलतात. जांभ्याचे किंवा काळ्या दगडाचे दोन-तीन फुटी जोते, त्यापुढे आलेली छपराची वळचण, आणि पागोळ्या पडतील त्या रेषेत दगडी चर किंवा नुसती दगडांची ओळ. अंगणाला घरापासून बाहेर उतार. फ्रेंचचा अर्धा धडा यात आहे: छपराचे पाणी पायात पडू द्यायचे नाही. हा धडा आपल्याला पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याला पाणी उताराने जाते हे कोणी सांगायला नको होते.

जिथे आपण जमिनीत गेलो, तिथे जागा पारखून गेलो. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हळद साठवण्याची पेवे आहेत. तोंड अरुंद, पोट मोठे, आत हळद भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे टिकते, कीड लागत नाही. तिथली माती अशी की पेवात झिरपा येत नाही. न्यू इंग्लंडच्या तळघराचे हे आपले भावंड. फक्त त्याला निचऱ्याची नळी लागत नव्हती, कारण निवडच कोरड्या मातीची होती. २००५च्या महापुरात कृष्णा गावात शिरली आणि बरीचशी पेवे निकामी झाली. मातीने झिरपा अडवला होता, पण पूर वरून आला.

आणि आता आपण सरसकट खाली जाऊ लागलो आहोत. मोटारी ठेवायला जागा नाही म्हणून पुण्या-मुंबईत एक, दोन, तीन मजले जमिनीखाली. पुण्यात वरच्या काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाण फोडून खड्डा केला की फ्रेंचचा वाडगा तयार होतो, दगडाचा. पावसाचे पाणी मुरुमातून आणि खडकाच्या भेगांतून त्यात उतरते आणि बाहेर जायला वाट नसते. यावर आपल्याकडचा रुळलेला उपाय म्हणजे ‘बॉक्स टाइप’ वॉटरप्रूफिंग: तळाला आणि भिंतींच्या बाहेरून शहाबादी फरशी उभी करून मधल्या फटीत सिमेंटचे पातळ मिश्रण ओतायचे. काम मन लावून केले तर ते चांगले टिकते, हे मी नाकारत नाही. पण पेटी कितीही घट्ट असली तरी पेटीभोवतीचा दाब तसाच राहतो, आणि तो एक सांधा शोधत राहतो.

आमच्या सोसायटीच्या तळपार्किंगमध्ये हे काम सात वर्षांत तीनदा झाले. दरवेळी आतून. दरवेळी ओल एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सरकली. सभेत रसायनांच्या नावांवर तासभर चर्चा होई आणि पाणी येते कुठून हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत नसे. चौथ्या वेळी एका निवृत्त पाटबंधारे खात्यातल्या काकांनी हट्ट धरला, ‘आधी बाहेर खणून बघा.’ खणल्यावर दिसले की गच्चीचे दोन पाइप भिंतीला लागूनच मातीत सोडले होते. पावसाळी गटारापर्यंत ते कधी नेलेच नव्हते. पाइप जोडले, भिंतीबाहेर खडीचा चर घालून पाणी बारा फुटांवरच्या खड्ड्यात घेतले. खर्च तिसऱ्या वॉटरप्रूफिंगच्या निम्म्याहून कमी आला. खड्ड्यातले पाणी आता बागेला जाते, उरलेले पंपाने गटारात.

त्या गटाराचे काय, हा मात्र सोसायटीबाहेरचा प्रश्न. मुंबईची जुनी पावसाळी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधलेली होती, तेही समुद्राला ओहोटी असताना. त्यांची क्षमता वाढवण्याची योजना १९९३ साली कागदावर तयार झाली. १२ वर्षांनी, २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. फ्रेंचच्या तळघराला खालच्या अंगाला मोकळे कुरण होते, तिथे पाणी सोडले की काम संपे. आपल्या इमारतीचा चर शेजाऱ्याच्या वाडग्यात रिकामा होतो. चर घातला की जबाबदारी संपली असे आपण मानतो, आणि मला याची काळजी वाटते. परवानगी देताना तळमजल्याखाली किती मोटारी मावतील हे पाहिले जाते, तिथले पाणी कुठे जाणार याचा नकाशा कोणी मागत नाही.

फ्रेंचचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १८६४ साली तो मॅसॅच्युसेट्सच्या नव्या कृषी महाविद्यालयाचा पहिला अध्यक्ष झाला आणि दोन वर्षांतच पायउतार झाला. काँकर्डला स्थायिक होऊन शेती केली. १८७६पासून वॉशिंग्टनमध्ये अर्थखात्यात सहायक सचिव होता. १८८५ साली वारला. त्याच्या मुलाचे नाव डॅनियल चेस्टर फ्रेंच. हा शिल्पकार झाला. वॉशिंग्टनच्या स्मारकात खुर्चीत बसलेला जो लिंकन सगळ्या जगाने पाहिला आहे, तो त्याच्या हातचा. स्मारकाचे उद्घाटन १९२२ साली झाले.

ते स्मारक पोटोमॅक नदीत भर घालून तयार केलेल्या जमिनीवर आहे. भरीवर भरवसा नव्हता म्हणून खांब खाली पार खडकापर्यंत नेले, आणि लिंकनच्या पायाखाली एक अजस्र पोकळ तळघर राहिले. वरून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने बांधकामातला चुना विरघळवत नेला आणि त्या तळघराच्या छताला हळूहळू लवणस्तंभ लोंबू लागले. काही काळ लोकांना ते दिवे घेऊन दाखवत असत. २०२३ साली तिथे संग्रहालय करण्याचे काम सुरू झाले, आणि त्यासाठी आधी ते तळघर कोरडे करावे लागणार होते.